वाट कुणी दिली?

जोसीनं चेंडू रेषेपलीकडे नेला आणि दोन्ही हात वर करून ती नाचायला लागली. एल्डन कोवारिकनं शिट्टी वाजवली नाही, नुसता एक हात वर केला. एल्क बेंडच्या शाळेच्या जिममध्ये शनिवारी सकाळी अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ, शिकायला येणाऱ्या सगळ्या पोरांना त्या हाताचा अर्थ ठाऊक होता. सगळी एकदम गप्प झाली.

"जोसी, वाट कुणी दिली?"

जोसी थबकली. नऊ वर्षांची पोर, धावून धावून गाल लालबुंद झालेले. तिनं मागे वळून पाहिलं. पाच-सहा जण धापा टाकत उभे होते. एकजण आपला निसटलेला बूट शोधत होता.

"मला नाही दिसलं, कोच. मी पुढे होते ना!"

"बरोबर आहे. पुढे धावणाऱ्याला मागचं दिसत नाही. मग आता?"

"मग... विचारून येऊ?"

"जा. आम्ही थांबतो."

आणि सगळे खरंच थांबले. जोसीनं एकेकाला विचारलं. शेवटी कळलं की तो बूट शोधणारा ब्रॅमच दोन पोरांच्या मध्ये खांदा घालून उभा राहिला होता, आणि त्या फटीतून ती निसटली होती.

"ब्रॅमनं दिली, कोच."

"मग आधी ब्रॅमला टाळ्या. नंतर तू नाच, पोटभर नाच."

हा एल्डनचा नियम होता. चेंडू कसा धरायचा हे शिकवायच्या आधी तो हे शिकवायचा. आसपासच्या गावांतले लोक हसायचे, म्हणायचे, एल्क बेंडची पोरं टचडाऊन केल्यावर, म्हणजे चेंडू रेषेपार नेल्यावर, चौकशी समिती बसवतात. एल्डन म्हणायचा, हसू देत. पोरगं एकदा मागे बघायला शिकलं की जन्मभर बघतं.

एल्डनला हे सांगायचा हक्क होता. देशातल्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दरवर्षी पितळेचा एक कंदील मिळतो. पन्नासेक वर्षांपूर्वी तो एल्डनला मिळाला होता. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांतून आलेला हा सडपातळ पोरगा चेंडू छातीशी धरून असा धावायचा की लोक खुर्चीतून उठून उभे राहायचे. पण कंदील घरी आला त्याच दिवशी त्यानं तो उचलून मिलो ब्रांटच्या घरी नेऊन ठेवला. मिलो त्याच्या पुढच्या फळीतला. फळीत पाच धिप्पाड गडी असतात. ते समोरच्या संघाला अंगावर घेतात आणि धावणाऱ्याला वाट करून देतात. चेंडू त्यांच्या हातात कधी येत नाही आणि त्यांचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. एल्डननं ठरवलं, कंदील वर्षभर एकाकडे राहील, मग पुढच्याकडे. दर डिसेंबरात, नवा कंदील कुणाला मिळाला हे जाहीर होतं त्या दिवशी, जुना कंदील घर बदलायचा. एल्डनची पाळी सहावी, सगळ्यांच्या शेवटी.

पाचांपैकी आता एकटा मिलो उरला होता. तरी ज्यांचे नवरे गेले त्या बायकांच्या घरी कंदील पाळीनं जातच होता. यंदा तो मिलोकडे होता, खिडकीत, त्याची बायको डोरीन हिच्या जिरेनियमच्या कुंडीशेजारी. पुढची पाळी वेंडेल हासच्या घराची होती. वेंडेल फळीत डावा गार्ड, म्हणजे मधल्या गड्याच्या डाव्या हाताला उभा राहणारा. तो वसंतात गेला. त्याची बायको घर विकून लेकीकडे ॲरिझोनाला निघून गेली. कंदील आता कुठे न्यायचा, हा प्रश्न दोघा म्हाताऱ्यांनी अजून एकमेकांना विचारला नव्हता.

कंदील मिळालेल्या प्रत्येकाला पुढे मरेपर्यंत एक मत असतं. तीन नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पत्रकारांचीही मतं असतात, सगळ्यांची बेरीज होऊन निकाल लागतो. एल्डननं आपलं मत कधी एकट्यानं दिलं नाही. नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी तो मिलोच्या टेबलाशी बसायचा. डोरीन वाटीभर चिली, म्हणजे बीन्स-मांसाचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल समोर ठेवायची, आणि दोघं भांडत भांडत तीन नावं ठरवायचे.

"तिसऱ्या नंबरावर यंदा तरी फळीतला एखादा लिही," मिलो दरवर्षी म्हणायचा.

"कुणाचं नाव सांग."

"तेच तर! मलाच माहीत नाही. बघ, कसले कृतघ्न लोक आपण!" आणि तो एवढ्या मोठ्यानं हसायचा की चिली सांडायची.

यंदा मात्र हसण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

नावं तीनच होती. दक्षिणेतला ग्रेडी मॅकॅल, क्वार्टरबॅक, चेंडू असा फेकायचा की जणू दोरीला बांधून सोडलाय. लुईझियानाचा ल्यूक फॉन्टेनो, उडी मारून चेंडू झेलणारा. आणि तिसरा अमारी ट्रॉटर, ओमाहाचा, म्हणजे आपल्याच राज्याचा, एल्डन ज्या विद्यापीठाकडून खेळला त्याच विद्यापीठाचा, आणि एल्डनसारखाच धावणारा. सगळ्या नेब्रास्काला वाटत होतं, एल्डन डोळे मिटून अमारीला पहिला लिहिणार.

"पहिला अमारी," मिलो म्हणाला. "ह्यात बोलायचं काय? रोल खा."

"मी त्याला तिसरा लिहिणार आहे," एल्डन म्हणाला.

मिलोनं चमचा खाली ठेवला. "डोरीन, ह्याला ताप आलाय का बघ गं."

"मिलो, तू बघतोस ना टीव्हीवर? पोरगा टचडाऊन करतो. फळीतले पाचही जण धावत येतात त्याला मिठी मारायला. हा काय करतो? चेंडू पंचाच्या हातात देतो, त्यांच्या हाताखालून निसटतो आणि एकटा निघून जातो. एकदा नाही, प्रत्येक वेळी. माझ्या जिममधल्या पोरांना मी हे करू दिलं नसतं."

"त्याचं धावणं बघ की!"

"बघितलं. उत्तम आहे."

"नाही बघितलंस." मिलोनं टेबलावर पाचही बोटं उभी केली, फळी उभी करावी तशी, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्यांच्या मागे धरलं. "हा वाट बघतो. कळलं? चेंडू हातात आल्यावर बाकीचे धावणारे उधळतात. हा अर्धा श्वास थांबतो. का थांबतो? तर पुढचा गडी वाट करून देणार ह्याची त्याला खात्री असते म्हणून. फळीतल्या माणसाचा ह्यापेक्षा मोठा मान कोणता? तू तरी थांबायचास का रे? किती वेळा माझ्या पाठीवर येऊन आदळलास!"

"विश्वास वेगळा आणि आभार वेगळे, मिलो."

"म्हाताऱ्या, तू उत्तम खेळाडूला मत देतोयस की चर्चमधल्या गुणी बाळाला?"

डोरीननं मध्ये पडून दोघांच्या वाट्या उचलल्या. नावं त्या दिवशी ठरली नाहीत.

इथवर ते भांडण घरातलं होतं. पण एल्डन बुधवारी सकाळी नेहमीप्रमाणे गावच्या रेडिओवर गेला. मक्याचे भाव, हवामान, आणि मग फुटबॉलवर दोन शब्द, असा तो कार्यक्रम. चालवणारा रस्टी, गोड बोलून पोटातलं काढून घेणारा माणूस.

"मत कुणाला ते विचारत नाही हो, एल्डन. ते आधी सांगायचं नसतं. पण एक सांगा, कुणाला देणार नाही?"

एल्डननं विचार करायला हवा होता. तो म्हणाला, "जो आपल्या फळीकडे वळून बघत नाही, त्याला माझ्याकडून पहिला नंबर मिळणार नाही."

नाव त्यानं घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. दुपारपर्यंत ते वाक्य ओमाहाला पोचलं आणि रात्री देशभरच्या टीव्हीवर झळकलं. जुना कंदीलवाला, त्याच विद्यापीठाचा, त्याच जागेवर खेळलेला, तोच असं म्हणतोय म्हटल्यावर इतरांना काय, आयतं कोलीत मिळालं. अमारीची धावताना काढलेली चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली गेली: मिठी मारायला आलेले पाच जण आणि त्यांच्या हाताखालून निसटणारा तो.

गुरुवारी कुणीतरी अमारीसमोर माइक धरला. एल्डननं ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाहिलं. पोरगा बारीक आवाजात म्हणाला, "कोवारिक सरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आणखी काय बोलू?" आणि खाली बघून निघून गेला.

त्या खाली बघण्यानं एल्डनला रात्री झोप लागली नाही. रागावला असता, उलट बोलला असता, तर बरं वाटलं असतं. त्याच्या जिममध्ये एखादं पोर चूक नसताना बोलणी खातं आणि दुसऱ्याचं नाव सांगत नाही, तेव्हा ते नेमकं असंच खाली बघतं. एवढी वर्षं पोरं शिकवून एल्डनला एवढं तरी वाचता येत होतं.

शुक्रवारी सकाळीच मिलोचा फोन आला.

"उद्याच्या सामन्याला तू वर काचेच्या खोलीत बसणार आहेस ना?"

मोसमातला शेवटचा सामना घरच्याच मैदानावर होता, आणि जुन्या कंदीलवाल्यांना विद्यापीठ वरच्या मजल्यावर गरम खोलीत बसवायचं. गरम कॉफी, मऊ खुर्च्या, समोर मोठा टीव्ही.

"हो. का?"

"मी पण येतोय. तू टीव्हीवर बघून त्या पोराचं वाटोळं केलंस. आता माझ्याबरोबर डोळ्यांनी बघ."

"मिलो, थंडी केवढी आहे! आणि तुझी चाकांची खुर्ची..."

"खुर्चीला थंडी वाजत नाही."

मिलोचे दोन्ही गुडघे कधीचे गेले होते. चार वर्षं तो ज्या गुडघ्यांवर एल्डनसाठी उभा राहिला, त्यांनी म्हातारपणी हिशेब चुकता करून घेतला होता. स्टेडियममध्ये चाकांच्या खुर्चीवाल्यांची जागा खाली, अगदी कोपऱ्यात, मैदानाला लागून होती. वरच्या काचेच्या खोलीत ती खुर्ची नेता येत होती, पण पाहुण्यांच्या यादीत नाव फक्त कोवारिकचं. दारावरची मुलगी अवघडून म्हणाली, "सर, तुम्ही वर चला ना. ह्यांना आम्ही खाली नीट पोचवतो."

"जा की," मिलो म्हणाला. "कॉफी पी. तुला सवय आहे, वाट मी करायची आणि पुढे तू जायचं."

"गप बस," एल्डन म्हणाला, आणि खुर्चीचे दांडे धरून त्यानं स्वतःच ती खाली ढकलत नेली. एक घडीची खुर्ची मागून घेतली, कानटोपी खाली ओढली आणि मिलोच्या शेजारी बसला. डोरीननं दिलेलं गोधडीसारखं जाड पांघरूण दोघांच्या गुडघ्यांवर पसरलं. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं.

त्यांच्या समोरच, हाकेच्या अंतरावर, घरच्या संघाचं बाक होतं. बाकाच्या अगदी टोकाला, बाकीच्यांपासून जरा बाजूला, एक राक्षसासारखा पोरगा उंच स्टुलावर बसला होता. एक पाय प्लास्टरमध्ये, समोर ठेवलेला. कुबड्या मागे टेकवलेल्या.

"हा स्टिबल," मिलो म्हणाला. "गॅरेट स्टिबल. डावा गार्ड. सप्टेंबरात पाय मोडला ह्याचा, अमारीला वाट देताना. दोघं अंगावर पडले."

"हा अजून संघाबरोबर येतो?"

"बघ की, बसलाय."

पहिल्या सत्रातच अमारीनं टचडाऊन केलं. एल्डननं इथून पहिल्यांदा तो अर्धा श्वास पाहिला. चेंडू हातात, सगळं मैदान अंगावर येतंय, आणि पोरगा थांबलाय. मग फळीत कुठेतरी दार उघडावं तशी फट पडली आणि तो गेला. स्टेडियम उसळलं. पाच जण धावत आले, अमारीनं चेंडू पंचाला दिला, त्यांच्या हाताखालून निसटला. वर मोठ्या पडद्यावर लगेच तीच धाव पुन्हा दाखवायला सुरुवात झाली आणि हजारो माना तिकडे वळल्या.

एल्डनची मान वळली नाही. समोर पडदा नव्हताच, समोर बाक होतं.

अमारी धावत आला तो थेट स्टुलाकडे. त्यानं आपलं शिरस्त्राण काढलं आणि गॅरेटच्या कपाळाला कपाळ टेकवलं. गॅरेट काहीतरी बोलला, दोन-तीनच शब्द, आणि बोटानं मैदानाकडे दाखवलं. अमारीनं मान हलवली. मग तो वळला. फळीतले पाच जण एव्हाना मैदानाबाहेर येऊन पाणी पीत होते. अमारी त्यांतल्या एका लाल केसांच्या पोराकडे गेला, त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि त्याच्या कानाशी काही बोलला. तो पोरगा ओशाळून हसला.

"काय म्हणाला असेल रे?" एल्डननं विचारलं.

"थांब. पुन्हा करेल तेव्हा बघू."

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच: कपाळाला कपाळ, दोन शब्द, बोट. पण या वेळी अमारी लाल केसवाल्याकडे गेला नाही, दुसऱ्याच एका, काळ्यासावळ्या, लठ्ठ पोराकडे गेला. तिसऱ्या वेळी आणखी तिसऱ्याकडेच. आणि तिसऱ्या वेळी वारा त्यांच्या बाजूला वाहत होता म्हणून गॅरेटचा आवाज ऐकू आला.

"प्रुइटनं दिली. त्याला सांग. हात दुखावलाय त्याचा, तरी समोरच्याला सोडलं नाही."

एल्डन पांघरूण सारून पुढे वाकला.

पोरगा पुढे धावत होता, त्याला मागचं दिसत नव्हतं. म्हणून तो अशा माणसाकडे जात होता ज्याला सगळं दिसतं. फळीतला माणूस, पाय मोडून बाकावर बसलेला, डोळे मात्र फळीवरच. तो सांगायचा वाट कुणी दिली, आणि अमारी त्या वाट देणाऱ्याकडे जाऊन त्याचं नाव घ्यायचा. पहिल्या आलेल्या माणसाला मिठी मारून मोकळं व्हायचं नाही. चौकशी करायची आणि मग आभार मानायचे. एल्क बेंडच्या जिममधला नियम ऐंशी हजार माणसांसमोर पाळला जात होता आणि कुणाला दिसत नव्हता.

"मिलो," एल्डन म्हणाला, "मी तरी असं कधी केलं होतं का रे? मी जो पहिला येईल त्याच्या गळ्यात पडायचो."

"बहुतेक वेंडेलच्या," मिलो म्हणाला. "तो आमच्यात सगळ्यात जोरात पळायचा." मग जरा थांबून म्हणाला, "पण कंदील तू सगळ्यांच्या घरी नेलास. तेवढं आहे तुझं. जा आता, त्या पोराशी बोल."

सामना संपला. घरचा संघ जिंकला होता. गर्दी पांगत असताना एल्डननं मिलोची खुर्ची कठड्याशी नेली. गॅरेट कुबड्या काखेत घेत होता.

"ए डाव्या गार्डा!" मिलोनं हाक मारली. "इकडे ये. मी उजवा गार्ड होतो, तुझा बाप जन्मला होता त्या सुमाराला."

गॅरेट हसत आला. मग त्यानं शेजारचा चेहरा ओळखला आणि त्याचं हसू विरलं.

"कोवारिक सर."

"गॅरेट, मी चुकलो," एल्डन सरळ म्हणाला. "आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सोमवारी सकाळी मी रेडिओवर सांगणार आहे तुम्ही दोघं काय करता ते."

"नका सांगू, सर."

"का रे?"

गॅरेटनं प्लास्टरकडे पाहिलं. "पाय मोडला तेव्हा टीव्हीवाल्यांनी आठवडाभर माझी आई रडताना दाखवली. मला कीव नको होती. मला काम हवं होतं. तेव्हा अमारी म्हणाला, तू बस आणि मला सांग वाट कुणी दिली, मला पुढून दिसत नाही. हे माझं काम आहे, सर. कॅमेरा आला की त्याचा तमाशा होईल. मग मी पुन्हा बिचारा होईन. अमारीनं वचन दिलंय, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"आणि म्हणून तो गुरुवारी माझे बोल खाऊन गप्प बसला."

"मी त्याला म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, कंदील गेला तर जाऊ दे, तू बस तिथेच."

मिलोनं नाक ओढलं आणि ते वाऱ्यामुळे असल्याचं दाखवलं. एल्डननं गॅरेटच्या कुबडीवरच्या भल्याथोरल्या हातावर आपला हात ठेवला.

"नाही सांगणार," तो म्हणाला. "पण माझं मी निस्तरतो."

सोमवारी तो आपणहून रेडिओवर गेला. बुधवारची वाट बघितली नाही, कारण मतदान त्याच संध्याकाळी बंद होणार होतं.

"मी परवा बोललो ते चुकीचं होतं," तो माइकसमोर म्हणाला. "अमारी ट्रॉटर आपल्या फळीकडे बघतो. मी ज्यांना ज्यांना शिकवलं, त्या सगळ्यांपेक्षा नीट बघतो. मी चुकीच्या खुर्चीत बसून बोललो. त्याची मी माफी मागतो."

रस्टीचे डोळे चमकले. "म्हणजे काय पाहिलंत तुम्ही? सांगा ना जरा!"

"नाही."

"अहो, पुरावा नको का? लोक म्हणतील, आपल्याच विद्यापीठाचा म्हणून म्हाताऱ्यानं पलटी खाल्ली."

"म्हणू देत. गेल्या आठवड्यात माझं पुराव्याशिवाय ऐकलंत, आजही ऐका." आणि तो उठला. रस्टीनं घाईघाईनं मक्याचे भाव सांगायला घेतले.

तिथून तो मिलोकडे गेला. चिली होती, रोल होते.

"पहिला अमारी," मिलो म्हणाला. "पण एक लक्षात ठेव. तो आभार मानतो म्हणून नव्हे. तो सर्वोत्तम आहे म्हणून."

"मला ऑक्टोबरातच माहीत होतं तो सर्वोत्तम आहे," एल्डन म्हणाला. "मीच मध्ये माझी फूटपट्टी घेऊन उभा होतो. दुसरा ग्रेडी. तिसरा?"

"फळीतला एखादा लिही."

"कुणाचं नाव सांग."

मिलो नेहमीसारखा हसणार होता, पण थांबला. "प्रुइट," तो म्हणाला. "दुखऱ्या हातानं सोडलं नाही त्यानं. यंदा नाव माहीत आहे, एल्डन."

एल्डननं डोरीनकडे पाहिलं. डोरीन म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? लिही." त्यानं लिहिलं. साऱ्या देशात प्रुइटला तेवढा एकच गुण मिळाला असेल. पण एक मिळाला.

पुढच्या शनिवारी न्यूयॉर्कमध्ये निकाल जाहीर झाला. कंदील ग्रेडी मॅकॅलला गेला. अमारी दुसरा आला, थोडक्यात हुकला. मिलोच्या बैठकीत डोरीननं टीव्ही बंद केला. किती पत्रकारांनी आपलं ते बुधवारचं वाक्य ऐकून मत दिलं असेल आणि सोमवारचं ऐकलंच नसेल, हे एल्डनला कधी कळणार नव्हतं. ते ओझं त्याचं त्यालाच वाहायचं होतं.

तासाभरानं त्याचा फोन वाजला.

"कोवारिक सर? अमारी बोलतोय."

"बाळा, मला फार वाईट वाटतं. माझ्या तोंडानं..."

"सर, ऐका तर. मी आभार मानायला फोन केलाय."

"कशाचे?"

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याचे. रेडिओवर त्या माणसानं किती डिवचलं तुम्हाला, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही गॅरेटचं नाव घेतलं असतं तर कदाचित मी जिंकलो असतो. पण गॅरेट आज माझ्या शेजारी बसलाय, कोट घालून, आणि इथे कुणालाही माहीत नाही तो कोण आहे. तो खूश आहे, सर. खाण्यावर तुटून पडलाय." मागून कुणीतरी ओरडलं, "खोटं! चौथीच प्लेट आहे!"

एल्डन हसला. समोर खिडकीत जिरेनियमशेजारी पितळेचा कंदील होता. आज तो घर बदलायचा होता, आणि पाळी डाव्या गार्डाच्या घराची होती.

त्यानं मिलोकडे पाहिलं. मिलोही कंदिलाकडेच बघत होता. पन्नास वर्षांच्या दोस्तीत काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. मिलोनं नुसती मान हलवली.

"अमारी," एल्डन म्हणाला, "पुढच्या शनिवारी सकाळी जरा एल्क बेंडला येता का दोघं? इथे एक वस्तू आहे. यंदा वर्षभर ती डाव्या गार्डाकडे राहायची आहे. आमचा डावा गार्ड आता नाही, म्हणून ती तुमच्याकडच्यानं सांभाळायची. कुणाला काही सांगायचं नाही. फक्त पुसायची, आणि वर्षानं परत आणायची."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग गॅरेटचा जाड आवाज आला. "आणीन, सर."

त्या शनिवारी जिमच्या बाहेर बर्फ साचलं होतं. कंदील डोरीनच्या जुन्या शालीत गुंडाळून गॅरेटच्या पायाशी ठेवला होता. तो बाकाच्या टोकाला बसला होता, पाय पुढे, कुबड्या मागे, शेजारी मिलोची खुर्ची. कोचचे कोणी पाहुणे आलेत, एवढंच पोरांना सांगितलं होतं. अमारीला मात्र त्यांनी लगेच ओळखलं होतं आणि त्याच्या अंगाखांद्यावर लोंबकळून ती दमल्यावर आता कुठे खेळ सुरू झाला होता.

जोसीला चेंडू मिळाला. ती थांबली, अर्धाच श्वास, आणि मग एका फटीतून निसटून रेषेपलीकडे गेली. तिनं हात वर केले नाहीत. वळली, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मग तरातरा चालत थेट बाकाच्या टोकाशी आली. जिममध्ये बसून सगळं बघणारा सगळ्यात धिप्पाड माणूस गॅरेटच होता.

"मला पुढून दिसलं नाही," ती म्हणाली. "वाट कुणी दिली?"

गॅरेटनं एल्डनकडे पाहिलं, मग मैदानाकडे.

"तो बूट निसटलेला," तो म्हणाला. "आणि तो अजून खाली पडलाय. आधी त्याला उठव."